माझ्या वहीतला चौथा रकाना

डायलिसिसच्या रुग्णाला भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. क्रिएटिनिन किती आहे? दिवसाला पाणी किती देता? एका वेळेचा खर्च किती? हातावरची ती दोरीसारखी फुगलेली शीर कसली? आणि निघताना दारात, हळू आवाजात, "किडनी बदलून मिळणार नाही का?" या सगळ्यांची उत्तरे मला आता तोंडपाठ झाली आहेत. पण त्यांचे डोके कसे आहे, तळपायांना कळते का, रात्री झोप लागते का, असे कोणी विचारत नाही. किडनीचा आजार म्हणजे लघवीचा आजार, त्याचा मेंदूशी काय संबंध, अशीच बहुतेकांची समजूत असते.

संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. माझे पती २०२२ पासून डायलिसिसवर आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दर वेळी चार तास. (खर्चामुळे आपल्याकडे पुष्कळ जण आठवड्यातून दोनदाच करतात, त्यांचे हाल वेगळेच.) या काळात आमच्या घराने जे वाईट दिवस पाहिले, त्यांतले बरेचसे मेंदू आणि नसा यांच्यापायी आले. त्यातला एक प्रसंग तर असा होता की घरातल्या सगळ्यांनी यांना 'गेलेल्या डोक्याचा माणूस' ठरवून टाकले होते. त्याविषयी पुढे सांगतेच.

आधी पहिल्या दिवशीची गोष्ट. भावोजी सोबत आले होते. यांना यंत्रावर घेतले आणि दोनच तासांत उतरवले. भावोजींचा पारा चढला. "पैसे पुरे घेता आणि रक्त अर्धेच धुता?" असे ते काउंटरवर जाऊन बोललेही. डॉक्टर तरुण होते, पण शांत. त्यांनी आम्हाला बसवून समजावले. शरीरात महिनोन्‌महिने युरिया साठलेला असतो, रक्तात तसाच मेंदूतही. यंत्र रक्तातला युरिया भराभर काढून घेते. मेंदूतला मात्र तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही. मग रक्त पातळ आणि मेंदू दाट अशी अवस्था होते आणि पाणी मेंदूकडे ओढले जाते. बेदाणा पाण्यात टाकला की टरारतो ना, तसेच. पण मेंदूला कवटीत फुगायला जागा कुठे? डोके ठणकते, मळमळते, अंधुक दिसते, माणूस अस्वस्थ होतो. फार झाले तर फिट येते, शुद्ध हरपते. म्हणून पहिले काही डायलिसिस थोड्या वेळाचे आणि रक्ताचा वेग कमी ठेवूनच करतात. लग्नकार्यासाठी चार-पाच डायलिसिस बुडवून एकदम येणाऱ्या रुग्णालाही हाच धोका असतो, हे त्यांनी तेव्हाच बजावले. भावोजी गप्प बसले. मला मात्र त्या दिवशीच कळले की हे यंत्र जोडले आहे हाताला, पण त्याचा हिशेब डोक्यापर्यंत जातो.

डायलिसिसचे पहिले यशही खरे तर शुद्ध परत आणण्याचेच होते. दुसरे महायुद्ध चालू असताना, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम किडनीचे यंत्र उभे केले. मांसाचा खिमा भरण्यासाठी वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या त्यांनी लाकडी ढोलावर गुंडाळल्या होत्या. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई किडनी बंद पडून बेशुद्धीत गेली होती. तिला काही तास यंत्रावर ठेवले आणि ती शुद्धीवर आली. डोळे उघडताच 'मी आता नवऱ्याशी काडीमोड घेणार' असे म्हणाली, अशी आख्यायिका आहे. यांना हा किस्सा फार आवडतो. शेजारच्या पलंगावरच्या प्रत्येक नव्या रुग्णाला ते तो ऐकवतात.

हे शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतरही दुधाचा, वाण्याचा हिशेब कागदाशिवाय करायचे. त्यामुळे त्यांच्या डोक्यातला फरक मला लवकर दिसायचा. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या महिन्यात त्यांचे आकडे अडखळू लागले होते. हात पुढे करून पंजे उभे धरायला डॉक्टरांनी सांगितले, तर पाखराने पंख झटकावेत तसे ते पंजे राहून राहून खाली पडत. रक्तातल्या विषामुळे मेंदूवर आलेल्या मळभाची ही जुनी खूण आहे. पाच-सहा डायलिसिसनंतर ते मळभ बरेचसे गेले.

पाय मात्र सुधारायला तयार नव्हते. आधी तळपायांची आग सुरू झाली. सासूबाई रोज रात्री तूप लावून काशाची वाटी घासायच्या, त्याने घटकाभर बरे वाटे. मग एक दिवस हे बाजारातून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे गळून पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता! शेजारी हसले. मी वहीत लिहून ठेवले आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवले. किडनीच्या आजारात लांबच्या नसा आधी दुबळ्या होतात. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. जोडीला मधुमेह असेल तर आणखीच. मधुमेह यांना वीस वर्षांचा आहे. तेव्हापासून आमच्या घरात गरम पाण्याची पिशवी यांच्या पायांजवळ जात नाही. भाजले तरी कळणार नाही. रोज संध्याकाळी मी तळपाय उलटे करून पाहते, निरांजनाच्या उजेडात नव्हे, चांगल्या बॅटरीने.

रात्रीचा त्रास आणखी वेगळा. दिवे मालवले की यांच्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळू लागे. दुखत नाही, खाजत नाही, पण पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून फेऱ्या मारल्या की थांबते, आडवे झाले की पुन्हा सुरू. रात्री दोन वाजता हे गच्चीत येरझारा घालायचे. "काळजीने झोप उडाली आहे बिचाऱ्याची," असे सासूबाई म्हणत. काळजी होतीच, पण या आजाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत तो नेहमी आढळतो. शरीरात लोह कमी असेल तर तो वाढतो. यांचे लोह तपासले, कमी निघाले, डायलिसिसच्या वेळीच इंजेक्शनातून ते भरून काढले. संध्याकाळचा चहा बंद केला. येरझारा पुरत्या गेल्या नाहीत, पण आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आल्या.

डायलिसिस चालू असताना पायांत गोळे येतात, ते याहून निराळे. ते बहुधा पाणी घाईने काढल्यामुळे येतात. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात तीन-चार किलो पाणी साठवून गेलो, तर तेवढे चार तासांत ओढावे लागते. मग रक्तदाब घसरतो, गोळे येतात, आणि मेंदूलाही तेवढा वेळ रक्त कमी मिळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तहान मारणे म्हणजे काय असते ते इथल्या माणसालाच ठाऊक. पण 'पाणी मोजून प्या' या सूचनेमागे फुप्फुसाइतकीच मेंदूचीही काळजी आहे, हे कळल्यावर यांनी ती अधिक मनावर घेतली.

माझ्या वहीत सुरुवातीला तीन रकाने होते : वजन, रक्तदाब आणि पाणी. चप्पल हरवली त्या दिवशी मी चौथा आखला. त्याला मथळा दिला 'डोके-पाय'. झोप, चिडचिड, विसर, अडखळणे, मुंग्या आणि कोणतेही नवे औषध, सारे त्यात. मुलगी चेष्टा करायची, "आई, बाबांचं प्रगतिपुस्तक लिहितेस का?" पुढे याच रकान्याने यांना वाचवले.

झाले असे. एका पावसाळ्यात यांची कंबर धरली. डायलिसिसचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून भावोजींनी ओळखीच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली, दिवसातून तीन वेळा. गोळीचे नाव बॅक्लोफेन. चांगल्या किडनीच्या माणसाला तिचा सहसा एवढा त्रास होत नाही. पण ती शरीरातून बाहेर पडते ती मुख्यतः लघवीवाटे. ज्याला लघवीच होत नाही त्याच्या अंगात ती साठत जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवता जेवता पेंगले. संध्याकाळी मला "वर्गातली मुलं गेली का?" असे विचारू लागले. रात्री अंगाला हिसके, हवेत हात फिरवणे, असंबद्ध बडबड. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारचे काका म्हणाले, "वात झालाय, आता काही खरं नाही." पहाटे एका मोठ्या रुग्णालयात नेले. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, त्यात रक्तस्राव नाही, गाठ नाही. तिथल्या डॉक्टरांनी निदान सांगितले : वय, मधुमेह, किडनी, मेंदू थकला आहे, घरी सांभाळा.

हे सत्तरीचेही नव्हते. आणि चार दिवसांपूर्वी त्यांनी वाण्याच्या बिलातली सात रुपयांची चूक काढली होती. मेंदू असा चार दिवसांत थकतो का? मी वही घेऊन आमच्या डायलिसिस केंद्रावर गेले. डॉक्टर आदल्या रात्रीच परतले होते. त्यांनी चौथा रकाना वरून खाली वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले, 'मंगळवार, कंबरेची नवी गोळी, दिवसातून तीन.' "काकू, गोळीचं पाकीट आहे का?" पाकीट पर्समध्येच होते. नाव वाचून ते म्हणाले, "आता लगेच घेऊन या त्यांना. हे औषध यंत्राने निघतं."

लागोपाठ दोन दिवस डायलिसिस केले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि मला म्हणाले, "अगं, आज शनिवार ना? आपली पाळी तर शुक्रवारची असते." मला त्यांच्या बोलण्यावर रडावे की हसावे कळेना.

या गोळीने डायलिसिसच्या रुग्णांना भ्रम होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. आणि ती एकटीच नाही. नसांच्या आगीवर देतात त्या गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन, नागिणीवरचे ॲसायक्लोव्हिर, सेफेपिमसारखी प्रतिजैविके, ही सारी उपयोगाची औषधे आहेत. पण किडनी बंद असलेल्याला त्यांचा डोस फार कमी लागतो. नेहमीचा डोस दिला तर ग्लानी, हिसके, भ्रम, प्रसंगी फिट. तेव्हापासून यांच्या खिशात एक चिठ्ठी असते : 'मी डायलिसिसवर आहे. नवे औषध देण्यापूर्वी माझ्या किडनीच्या डॉक्टरांना विचारावे.' खाली फोन नंबर. दंतवैद्यालाही ती दाखवायची.

मग मी डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारू लागले. जिथे १२० लिटर पाणी एका माणसाच्या रक्ताशेजारून वाहते, तिथे ते पाणी कोण तपासते? त्यांनी मला मागच्या बाजूचा शुद्धीकरणाचा कारखानाच दाखवला. आणि त्यामागचा इतिहास सांगितला. १९७२ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे नीट डायलिसिस चाललेली माणसे एकाएकी बोलताना अडखळू लागत, हिसके येत, विसर पडे आणि थोड्या महिन्यांत दगावत. १९७६ साली याच मंडळींनी बोट दाखवले ते ॲल्युमिनियमकडे. शहराचे पाणी निवळायला तुरटी घालतात, तशी आपण पावसाळ्यात माठातही फिरवतो. तुरटीत ॲल्युमिनियम असते. पोटात गेलेले थोडेसे ॲल्युमिनियम चांगली किडनी बाहेर टाकते, पण डायलिसिसच्या पाण्यातून ते सरळ रक्तात जाते आणि मेंदूत साचते. पुढे पाणी झिरपून शुद्ध करण्याची यंत्रे आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. तरी १९९३ साली पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरात पाण्यातल्या ॲल्युमिनियमने डायलिसिसचे रुग्ण दगावलेच. म्हणून 'पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली?' हे विचारायला नातेवाइकांनी लाजू नये. आमच्या केंद्रावर तो अहवाल आता भिंतीवर लावतात. पित्तासाठी आपण दुकानातून आणतो त्या पांढऱ्या पातळ औषधांतही पुष्कळदा ॲल्युमिनियम असते. यांच्यासाठी ती बाटली घरात येत नाही.

फळांचे म्हणाल तर केळी, नारळपाणी टाळायचे हे प्रत्येकाला पोटॅशियममुळे माहीत असते. करंबळाचे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे, आंबटगोड, कोणी कमरखही म्हणतात. इंग्रजी कोशांत 'कॅरंबोला' या शब्दाचे मूळ मराठी करंबळच दिलेले असते, इतके ते आपले. वन्सं कोकणातून दर वर्षी पिशवीभर आणतात. किडनीच्या रुग्णाला ते विष आहे. त्यातले मेंदूवर मारा करणारे द्रव्य ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेगळे काढून दाखवले. निरोगी माणसाच्या किडनीतून ते निघून जाते. किडनी बंद असलेल्याला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, फिट आणि कधी मृत्यू. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली म्हणतात. वन्संना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, मग दादासाठी मी कोकमं आणते." कोकमही डॉक्टरांना विचारूनच, असे मी म्हणाले. त्या थोड्या रागावल्या, पण करंबळे परत घेऊन गेल्या.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी पुनःपुन्हा सांगितल्या. डायलिसिसमध्ये पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही निघून जातात. त्यात ब-१ फार घटले तर चालताना तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, गोंधळ उडतो. त्यासाठी दिलेली गोळी डायलिसिसनंतर घ्यायची, आधी नाही. आणि यंत्रात रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, तेव्हा डोक्यावर पडण्याचे निमित्त झाले तर टेंगूळ लहान असले तरी कळवायचे.

राहिली घराची गोष्ट. कंबरेच्या गोळीच्या प्रकरणानंतर यांचे डोके गेलेच, असे नातेवाइकांत पक्के झाले होते. वडिलोपार्जित घराच्या वाटणीचे कागद तयार होते. भावोजी एका बुधवारी ते घेऊन थेट डायलिसिस केंद्रावर आले. "दादा चार तास मोकळाच असतो, सह्या घेऊन टाकू. पुढे जमेल न जमेल." भावोजी वाईट नाहीत. दर शुक्रवारी रिक्षाने यांना तेच नेतात. त्यांना खरेच भीती वाटत होती. पण यंत्रावर असताना डोके सर्वांत मंद चालते आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत बरे, हे अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस इथल्या अभ्यासातून दिसले आहे. मी म्हणाले, "भावोजी, शनिवारी सकाळी या. चहाबरोबर वाचतील." ते जरा नाराज होऊन गेले. शनिवारी आले. यांनी चष्मा लावून चौदा पाने वाचली, दोन तास लावले. मग पेन्सिलीने एक बेरीज केली आणि म्हणाले, "दोघांचे हिस्से मिळवून एकूण जागेपेक्षा साठ चौरस फूट कमी भरतात. हे कोणाला दिलेत?" दस्त लिहिणाऱ्याची चूक होती. भावोजी कान पकडून हसले. दस्त दुरुस्त होऊन आला, सह्या पुढच्या शनिवारी झाल्या.

सारे पूर्वीसारखे आहे असे मी म्हणणार नाही. त्याच मिनिॲपोलिसच्या डॉक्टरांनी २००६ साली पंचावन्नपुढच्या डायलिसिस रुग्णांची स्मरणशक्ती, आकलन तपासले. तेव्हा तिघांतल्या एकाहून अधिक जणांत मोठी घट आढळली. यांनाही नावे आठवत नाहीत, गुणाकार कागदावर करावा लागतो, स्कूटर बंद केली आहे. डॉक्टरांच्या सूचना आता आम्ही यंत्रावर घेत नाही. लिहून मागतो आणि दुसऱ्या दिवशी दोघे मिळून वाचतो. गोळ्यांची डबी मंगळवारी भरतो. ती हेच भरतात, मी फक्त मोजते.

मागच्या महिन्यात पलीकडच्या पलंगावर एक नवे गृहस्थ आले. त्यांची बायको तिशीतली, हातात कोरी वही घेऊन बाकावर बसलेली. तंत्रज्ञाने तिला माझ्याकडे पाठवले होते. "काकू, चौथ्या रकान्यात काय लिहायचं असतं?" तिने विचारले. मी म्हणाले, "आज रात्री ते किती वेळा उठतात, तेवढं लिही आधी."